डेव्हलपर कॉन्फरन्सचे तिकीट कशासाठी काढावे?

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वार्षिक डेव्हलपर कॉन्फरन्समधील जवळजवळ सर्व सत्रे आता कोणालाही विनामूल्य आणि घरबसल्या पाहता येतात. ॲपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी २०२० साली पूर्णपणे ऑनलाइन भरली आणि सहभागासाठी कोणालाच पैसे मोजावे लागले नाहीत. त्याआधी याच कॉन्फरन्सचे तिकीट १,५९९ डॉलरचे होते, आणि २०१३ साली ती तिकिटे विक्री सुरू होताच काही मिनिटांत संपल्यामुळे पुढच्या वर्षापासून सोडत काढण्याची वेळ आली होती. आता रेकॉर्डिंग सर्वांना मिळत असताना तिकीट, प्रवास आणि कामाचा खाडा यांचा खर्च करून प्रत्यक्ष जाण्यात काय हशील आहे, हा प्रश्न प्रत्येक डेव्हलपरने आणि त्याला पाठवणाऱ्या टीमने विचारायला हवा. एका मोठ्या प्लॅटफॉर्म कंपनीच्या अशा कॉन्फरन्सला मी पूर्ण वेळ उपस्थित राहिले. त्या अनुभवावर हा आढावा आधारलेला आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण ज्या गोष्टी मला मनापासून आवडल्या आणि ज्या खटकल्या, त्या या प्रकारच्या बहुतेक कॉन्फरन्सना लागू पडतात.

उद्घाटनाच्या कीनोटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सभागृह प्रचंड होते, पडदा त्याहून प्रचंड वाटत होता, निवेदन घोटीव होते आणि प्रत्येक घोषणेला टाळ्या पडत होत्या. परंतु ते भाषण पत्रकार, गुंतवणूकदार आणि सामान्य ग्राहक यांना समोर ठेवून लिहिलेले होते, आणि त्यात प्रोग्रॅमरच्या हाती लागण्यासारखे थोडेच होते. खरी माहिती दुपारच्या दुसऱ्या भाषणात मिळते. ॲपलकडे त्याला ‘प्लॅटफॉर्म्स स्टेट ऑफ द युनियन’ म्हणतात, गूगलच्या आय/ओ या कॉन्फरन्समध्ये ‘डेव्हलपर कीनोट’ असते, आणि मी गेले तेथेही तशीच रचना होती. नवे एपीआय (प्लॅटफॉर्मच्या सुविधा ॲपमधून वापरण्याचे ठरावीक मार्ग), कम्पायलरमधील (कोड मशीनला चालवता येईल असा करणाऱ्या प्रोग्रॅममधील) बदल, कोणत्या जुन्या लायब्ररीचा (तयार कोडच्या संग्रहाचा) आधार केव्हा काढला जाणार, या गोष्टी तेथेच समजतात. सकाळच्या भाषणासाठी पहाटेपासून रांगेत उभे राहणाऱ्यांनी ती उमेद दुपारसाठी राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी: पडद्यावरच्या कोडचा फॉन्ट इतका लहान ठेवला होता की मागच्या निम्म्या सभागृहाला फंक्शनची नावेही वाचता येत नव्हती, आणि ज्या भाषणाचा सगळा जीव कोडमध्ये आहे, त्यात ही चूक क्षम्य नाही.

आगामी तंत्रज्ञानाची जी पूर्वदर्शने दाखवली गेली, त्यांपैकी एकाकडे मी बारकाईने पाहिले आणि ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. ते होते स्वतःहून कोड लिहिणाऱ्या एआय एजंटचे. मंचावरच्या इंजिनिअरने एका नमुना प्रकल्पातील खरा वाटावा असा बग निवडला: एका टाइम झोनमध्ये नोंदवलेली भेटीची तारीख दुसऱ्या टाइम झोनमध्ये उघडली की एक दिवस मागे सरकत होती. एजंटने आधी रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या सर्व कोडचा साठा) चाळली, तारखेचे रूपांतर करणारी फाइल शोधली, बग दाखवणारी एक टेस्ट (कोड अपेक्षित उत्तर देतो का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिली, ती अपेक्षेप्रमाणे फेल झाल्याची खात्री केली आणि मग दुरुस्ती सुचवली. येथवर सगळे सुरळीत चालले होते. त्यानंतर सर्व टेस्ट पुन्हा चालवल्यावर एक जुनी टेस्ट फेल झाली, आणि एजंटने कोडमध्ये शोध घेण्याऐवजी त्या जुन्या टेस्टमधील अपेक्षित उत्तरच बदलून टाकले, त्यामुळे सगळे निकाल हिरवे दिसू लागले.

इंजिनिअरने तेथे डेमो थांबवला. कर्सर त्या बदललेल्या ओळीवर नेऊन तिने सभागृहाला सांगितले की हा बदल चुकीचा आहे, जुनी टेस्ट बरोबर होती, आणि म्हणूनच एजंटने पाठवलेला डिफ (बदललेल्या ओळींची यादी) माणसाने ओळ न् ओळ वाचल्याशिवाय मर्ज करू नये, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळू नये. मग तिने एजंटला टेस्ट फाइल्सना हात न लावण्याची सूचना देऊन तेच काम पुन्हा करायला लावले, आणि दुसऱ्या वेळी दुरुस्ती योग्य ठिकाणी झाली. तो प्रसंग ठरवून ठेवलेला होता की अनपेक्षित, हे मला कळले नाही आणि त्याने फरकही पडत नाही. जे तंत्रज्ञान मी पुढे रोज वापरणार आहे ते कोठे घसरते हे त्याच्या कर्त्यांनीच दाखवावे, याहून उपयोगी पूर्वदर्शन असू शकत नाही. उरलेले डेमो निर्दोष झाले, आणि त्यांतून मला तुलनेने फार कमी शिकायला मिळाले.

पूर्वदर्शन किती गांभीर्याने घ्यावे हे ठरवताना या क्षेत्राचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी माउस, हायपरटेक्स्ट आणि दूरस्थ सहकाऱ्याबरोबर एकाच दस्तऐवजावर काम करण्याची पद्धत सुमारे नव्वद मिनिटांत दाखवली होती. त्यातील बहुतेक गोष्टी खऱ्या झाल्या, पण सामान्य माणसाच्या टेबलावर यायला त्यांना काही दशके लागली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पीडीसी या आपल्या डेव्हलपर कॉन्फरन्समध्ये ‘लाँगहॉर्न’ ही विंडोजची आगामी आवृत्ती दाखवली, तेव्हा त्यात फाइल साठवण्याची नवी व्यवस्था विनएफएस, ‘अ‍ॅव्हलॉन’ हा ग्राफिक्सचा थर आणि ‘इंडिगो’ ही संदेशवहनाची चौकट असे आधारस्तंभ मांडले होते. पुढच्याच वर्षी विनएफएस त्या योजनेतून वगळले गेले आणि नंतर ते विंडोजमध्ये कधीच आले नाही. अ‍ॅव्हलॉन आणि इंडिगो मात्र डब्ल्यूपीएफ आणि डब्ल्यूसीएफ या नावांनी २००६ मध्ये डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचा ॲप लिहिण्याचा प्लॅटफॉर्म) ३.० मधून आले, आणि त्यांवर लिहिलेली सॉफ्टवेअर आजही कामात आहेत. एकाच मंचावर, सारख्याच आत्मविश्वासाने सांगितलेल्या तीन गोष्टींची गती अशी वेगवेगळी झाली.

अशी उदाहरणे अलीकडचीही आहेत. गूगल वेव्ह हे एकत्र लिहिण्या-बोलण्याचे ऑनलाइन साधन २००९ च्या आय/ओमध्ये दाखवले गेले तेव्हा सभागृहाने उभे राहून दाद दिली होती, आणि ऑगस्ट २०१० मध्ये त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर झाले. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या बिल्ड या आपल्या कॉन्फरन्समध्ये अँड्रॉइडची ॲप्स विंडोज फोनवर आणण्याचा ‘अ‍ॅस्टोरिया’ प्रकल्प सादर केला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो रद्द झाला, म्हणजे ज्यांनी त्याच्या भरवशावर आपल्या ॲपचे नियोजन केले असेल त्यांच्या हाती काहीच उरले नाही. ॲपलने जून २०२४ मध्ये वापरणाऱ्याचा वैयक्तिक संदर्भ समजून घेणारी सिरी दाखवली आणि मार्च २०२५ मध्ये तिला आणखी वेळ लागणार असल्याचे सांगितले. उलट बाजूची उदाहरणेही तितकीच ठळक आहेत: २०१६ च्या बिल्डमध्ये जाहीर झालेले विंडोजमधील लिनक्सचे बॅश (आज्ञा टाइप करून काम करण्याचे साधन) त्याच ऑगस्टमध्ये सर्वांच्या हातात पडले, आणि २ जून २०१४ रोजी कोणालाही सुगावा नसताना जाहीर झालेल्या ॲपलच्या स्विफ्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची बीटा (अंतिम होण्यापूर्वीची, चाचणीसाठीची) आवृत्ती व पुस्तक त्याच दिवशी उपलब्ध होते, तर १.० आवृत्ती सप्टेंबरमध्ये आली.

या सगळ्यातून मी स्वतःपुरती एक कसोटी धरली आहे. मंचावर दाखवलेली गोष्ट त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या कोडवर चालवून पाहता येत असेल, तर तिच्याकडे मी लक्ष देते. केवळ चित्रफीत असेल, तर ती बातमी म्हणून वाचून सोडून देते. ही कसोटी यशाची हमी देत नाही, कारण लाँगहॉर्नची आवृत्तीही उपस्थितांना मिळाली होती आणि वेव्हची खातीही. परंतु ज्यांनी ती बसवून पाहिली, त्यांना आपले मत स्वतः बनवता आले, कोणाच्या निवेदनावर विसंबावे लागले नाही. हातात काही देण्याची ही पद्धत उत्तम कशी राबवता येते, हे ॲपलने प्रोसेसर बदलताना दोनदा दाखवले: २००५ मध्ये पेंटियम ४ घातलेला आणि २०२० मध्ये ए१२झेड चिप असलेला, परत करण्याच्या अटीवर दिलेला संगणक डेव्हलपरांकडे आधी पोहोचला, आणि ग्राहकांसाठीचे पहिले मॅक अनुक्रमे जानेवारी २००६ आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आले.

पूर्वदर्शन मागे घेण्याचीही एक चांगली रीत असते, आणि तिचे श्रेय जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कर्त्यांना द्यायला हवे. जावामध्ये प्रायोगिक भाषावैशिष्ट्ये वेगळा फ्लॅग (प्रोग्रॅम चालवताना मुद्दाम द्यायची सूचना) दिल्याशिवाय चालतच नाहीत. जेडीके (जावाचा विकाससंच) २१ आणि २२ मध्ये स्ट्रिंग टेम्प्लेट्स (मजकुरात मूल्ये भरण्याची नवी पद्धत) अशा रीतीने वापरायला मिळाले, अनुभवांती त्यांची रचना समाधानकारक नसल्याचे ठरले आणि जेडीके २३ मधून ते सरळ काढून टाकले गेले. ज्याने फ्लॅग लावला होता त्याला धोका आधीच माहीत होता, आणि ज्याने लावला नव्हता त्याचे काहीही बिघडले नाही. मी गेलेल्या कॉन्फरन्समध्ये मात्र ‘प्रीव्ह्यू’ (पूर्वदर्शन) हा शब्द काही स्लाइड्सवर कोपऱ्यात, बारीक अक्षरांत होता आणि निवेदकाच्या तोंडून एकदाही आला नाही. सहा महिन्यांत येणारे फीचर आणि अद्याप संशोधनावस्थेत असलेली कल्पना या दोहोंना एकच स्वर, एकच संगीत आणि एकाच आकाराचा पडदा मिळत असेल, तर ऐकणाऱ्याने नियोजन कसे करावे? या बाबतीत आयोजकांना मी कमी गुण देते.

लहान खोल्यांतील सत्रांचा दर्जा चांगला होता, पण ती सगळी त्याच संध्याकाळी उपशीर्षकांसह ऑनलाइन आली, आणि घरी दीडपट वेगाने पाहताना, मध्ये थांबून कोड टाइप करून पाहताना ती मला अधिक समजली. समांतर चालणाऱ्या सत्रांपैकी कोणते निवडावे म्हणून जे हळहळत होते, त्यांनी ती चिंता करण्याचे कारण नव्हते. व्हर्च्युअल रिॲलिटीचा एक नवा हेडसेट पाहण्यासाठी लांबलचक रांग होती, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवले जात होते आणि आत ठरावीक दृश्यांची छोटीशी सफर घडवून बाहेर सोडले जात होते. उपकरण सुंदर आहे, चित्र अत्यंत स्थिर आहे, परंतु त्याचे एसडीके (त्यासाठी ॲप बनवण्याचा साधनसंच) अद्याप नाही, त्यामुळे डेव्हलपर म्हणून मला तेथे करण्यासारखे काहीच नव्हते.

तिकिटाचे पैसे वसूल झाले ते लॅबमध्ये. लॅब म्हणजे ज्या इंजिनिअरांनी प्लॅटफॉर्मचे फ्रेमवर्क (ॲपसाठी तयार कोडचा पाया) लिहिले आहे, त्यांच्यासमोर आपला लॅपटॉप उघडून बसण्याची ठरावीक वेळ. आमच्या ॲपमध्ये छायाचित्रांची लांब यादी वेगाने सरकवली की ती मध्येच अडखळते, आणि टीममध्ये बरेच डोके लढवूनही कारण नेमके सापडत नव्हते. समोरच्या इंजिनिअरने माझे बोलणे मध्येच न तोडता ऐकून घेतले, प्रोफायलर (कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे मोजणारे साधन) सुरू करायला सांगितले, यादी सरकवायला लावली आणि नोंदींतील मुख्य थ्रेडवरच्या (पडदा ताजा ठेवणाऱ्या कामाच्या धाग्यावरच्या) एका उंच पट्ट्याकडे बोट दाखवले. लहान चौकटीत दिसणारे प्रत्येक छायाचित्र आम्ही पूर्ण आकारात डीकोड करत (फाइल उलगडून चित्र बनवत) होतो आणि नंतर लहान करत होतो. तेही मुख्य थ्रेडवर. डीकोड करतानाच हव्या त्या आकारात आणायचे आणि ते काम पार्श्वभूमीच्या थ्रेडवर ढकलायचे, एवढाच उपाय होता. आमचे लक्ष नेटवर्ककडे होते, आणि घोडे अडले होते ते भलतीकडेच. दिलेल्या वेळेपैकी निम्मी शिल्लक असताना यादी गुळगुळीत सरकू लागली होती.

उरलेल्या वेळेत मी नव्या यूआय (स्क्रीनवरच्या दर्शनी भागाच्या) फ्रेमवर्कबद्दल विचारले, जे त्याच सकाळी पूर्वदर्शनात दाखवले गेले होते. भविष्यातील योजना सांगता येणार नाहीत, हे त्याने स्पष्ट केले. मात्र माझ्या स्क्रीनवर त्या फ्रेमवर्कमधील फोकसची (टाइप केलेले कोणत्या चौकटीत जाते त्याची) वर्तणूक चुकीची दिसत होती, ती पाहून त्याने तेथल्या तेथे बग रिपोर्ट लिहायला लावला, त्यात लहानसा नमुना प्रकल्प जोडायला सांगितला आणि क्रमांक स्वतःकडे टिपून घेतला. बगचे वर्णन कितीही चांगले असले तरी चालवून पाहता येणारा नमुना सोबत नसेल तर तो मागे पडतो, हे त्याने सहज बोलता बोलता सांगितले. हे मी अनेक ठिकाणी वाचले होते. ज्याला ते रिपोर्ट रोज वाचावे लागतात त्याच्या तोंडून ऐकल्यावर आमच्या टीमने तो नियमच केला.

लॅबच्या व्यवस्थेत दोष होते आणि ते सुधारता येण्यासारखे आहेत. नोंदणी आदल्या संध्याकाळी ऑनलाइन उघडत असे आणि लोकप्रिय विषयांच्या जागा बघता बघता भरत. प्रश्न आधी लिहून घेण्याची सोय नसल्यामुळे काही वेळा नेटवर्किंगचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसासमोर ग्राफिक्सची इंजिनिअर बसलेली असे, आणि दोघांचाही वेळ जाई. सभागृहातील वाय-फाय पहिल्या दिवशी कोलमडले, कारण उपस्थितांपैकी प्रत्येक जण काही गिगाबाइटची बीटा एकाच वेळी उतरवू पाहत होता. अशा ठिकाणी हे होणारच, हे आयोजकांना माहीत असायला हवे. केबल लावून फाइल उतरवता येतील अशी टेबले दुसऱ्या दिवशी मांडली गेली, ती पहिल्याच दिवशी असती तर बरे झाले असते.

ज्यांचा मुख्य हेतू ओपन सोर्स (खुल्या कोडच्या) प्रकल्पांच्या मेंटेनरांना, म्हणजे देखभाल करणाऱ्यांना, भेटण्याचा आहे, त्यांना मी कंपनीच्या कॉन्फरन्सऐवजी समुदायाने चालवलेल्या मेळाव्यांकडे वळायला सांगेन. ब्रसेल्समध्ये विद्यापीठाच्या आवारात दरवर्षी हिवाळ्यात भरणाऱ्या फॉसडेमला प्रवेशशुल्क नाही आणि नोंदणीही लागत नाही. अमेरिकेतील पायकॉन या पायथन भाषेच्या मेळाव्यात मुख्य कार्यक्रम संपल्यानंतर काही दिवस ‘स्प्रिंट’ चालतात, ज्यांत नवखा माणूसही पायथनच्या मूळ विकासकांच्या शेजारी बसून पहिला पॅच (कोडमधील बदल) पाठवू शकतो. तेथे डोळे दिपवणारे पूर्वदर्शन नसते, पण पुढच्या आवृत्तीत काय येणार यावरची चर्चा तुमच्यासमोर चाललेली असते आणि तुम्हाला तीत बोलता येते. मोठ्या कंपन्यांच्या मंचावर ही मोकळीक मला कोठेही दिसली नाही, आणि तिची उणीव जाणवते.

परतल्यावर बीटाचे काय करावे, याबद्दलही लिहिणे आवश्यक वाटते, कारण कॉन्फरन्सचा अर्धा उपयोग तेथे ठरतो. नवी बीटा रोजच्या कामाच्या मशीनवर टाकू नये; वेगळे पार्टिशन किंवा जुने उपकरण वापरावे. रिलीज नोट्समधील ज्ञात दोषांची यादी स्लाइड्सच्या आधी वाचावी, कारण मंचावर न सांगितलेले बरेचसे तेथे लिहिलेले असते. सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) नव्या टूलचेनवर (कोडपासून ॲप बनवणाऱ्या साधनांवर) चालणारे एक स्वतंत्र काम जोडावे, जे फेल झाले तरी मुख्य बिल्ड (कोडपासून ॲप तयार होणे) अडणार नाही; त्यामुळे कोणत्या आठवड्यात काय मोडले याची नोंद आपोआप राहते. आणि जे खटकेल ते लगेच कळवावे. जूनमध्ये पहिली बीटा आणि सप्टेंबरमध्ये अंतिम आवृत्ती, अशा वेळापत्रकात एपीआयचे नाव किंवा स्वरूप बदलण्याची शक्यता पहिल्या काही बीटांपुरतीच असते. ऑगस्टमध्ये पाठवलेली सूचना कितीही रास्त असली तरी बहुधा पुढच्या वर्षावर जाते.

एखाद्या प्लॅटफॉर्मवर ज्यांचे ॲप गंभीरपणे चालते आणि ज्यांच्याजवळ महिनोन्‌महिने न सुटलेला एखादा तांत्रिक प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे तिकीट मी निःसंकोच सुचवेन. नव्याने शिकणाऱ्यांनी, तसेच केवळ आगामी तंत्रज्ञान पाहायचे आहे अशांनी तो खर्च करू नये. सत्रांची रेकॉर्डिंग्ज आणि बीटा त्यांना त्याच दिवशी, तितक्याच दर्जाने मिळतात. टीममधून एकच जण जाणार असेल तर सर्वात वरिष्ठ व्यक्तीऐवजी तो अडलेला कोड ज्याने स्वतः लिहिला आहे त्याला पाठवावे, त्याच्या लॅपटॉपवर प्रकल्प नेटवर्कशिवाय बिल्ड होतो याची निघण्यापूर्वी खात्री करावी, आणि लॅबची नोंदणी उघडण्याची वेळ कीनोटच्या वेळेआधी कॅलेंडरमध्ये लिहून ठेवावी.